मुकं नोझल

"मुकं आहे," बाबा म्हणाले. "परत घास."

लेकीने डिझेल इंजिनाचं ते नोझल टेस्टरवरून उतरवलं. सकाळपासून हे चौथं. चारही तिने स्वतः घासलेली, डोळ्यांत तेल घालून जुळवलेली. आणि चारही मुकी?

दुकानाची रीत ठरलेली. लेक टेस्टरचा दांडा मारणार, बाबा डोळे मिटून ऐकणार. नोझल चांगलं असलं की डिझेलचं धुकं होतं आणि धुक्याबरोबर ते किरकिरतं. बिघडलेलं असलं की नुसतं थुंकतं. किरकिरलं की बाबा खडूने त्यावर बरोबरची खूण करणार. खुणेवाचून नोझल बाहेर गेलेलं नाही.

"अहो, चांगलं रातकिड्यासारखं ओरडतंय की!" स्टुलावर ताटकळलेला लाँचवाला म्हणाला. "माझी लाँच काय वल्ह्यांनी हाकू?"

लेकीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. बाबांच्या खिशात फोन केव्हाचा वाजत होता. बाबा खडू झेलत शांत बसले होते.

ती त्यांच्यासमोर आली. मोठ्याने म्हणाली, "बाबा, आज दांडा तुम्ही मारा. मी ऐकते."

"तू? त्याला कान लागतो!"

"तुमचाच आहे की. जन्मापासून."

बाबा पुटपुटत उठले. तिने चौथं नोझल पुन्हा चढवलं.

"हात फवाऱ्यापुढे नाही हं. धार कातडीत शिरते."

"माझंच मला शिकव!"

त्यांनी दांडा दाबला. थांबले. पुन्हा दाबला, हळूच. मुठीत चिमणी धरावी तसा दांडा तळहातात थरथरत होता.

"बोललं!" बाबा ओरडले. "अगं, बोलतंय हे!"

मग दुसरं चढवलं, तिसरं, पहिलं. एकेक बोललं. एकेकावर खूण झाली. शेवटच्या खुणेपाशी बाबांचा हात रेंगाळला.

"म्हणजे मुके माझे कान," ते म्हणाले.

"मुके कशाला? हातात उतरलेत."

बाबांनी तळहात उलटसुलट करून पाहिला. काळ्या रेघांत तेल चमकत होतं.

"मग यापुढे दांडा माझा," ते म्हणाले.

"तुमचाच. आणि आता तो फोन उचला. आई खिशात मघापासून किरकिरतेय."

"ती कधी मुकी होती?"

लाँचवाल्याला हसता हसता ठसका लागला. लेक तर टेस्टरवर ओणवी झाली, पोट धरून, खांदे गदगदा हलवत.

बाबांनी तिच्या पाठीवर तळहात ठेवला. डोळे मिटले. मान जराशी कलती केली, नेहमी करत तशी.

मग खडू घेतला, आणि तिच्या निळ्या डगल्यावर, अगदी पाठीच्या मधोमध, बरोबरची खूण केली.