वळवलेली चौकट

"पुन्हा तेच!" मृण्मयीनं कपाळावर हात मारला. स्पर्धेला पाचच्या आत मोबाइलचा खेळ पाठवायचा होता आणि चौकटीतल्या सोंगट्या डावीकडे नीट सरकत, पण वर सरकताना एकमेकींना गिळत. चार दिशांसाठी तिनं तेच कोड चारदा उतरवलं होतं. एकीकडे सांधावं तर दुसरीकडे उसवे.

"ओरडू नकोस गं, टीप वाकडी जाते," शेजारी मशीनवर अभ्रा शिवणारी आई म्हणाली. कोपरा येताच तिनं सुई रुतवून कापडच वळवलं आणि टीप पुन्हा सरळ धावली.

मृण्मयी बघतच राहिली. मग तिनं तीन दिशांचं कोड पुसलं. आता चौकटच वळवायची, सोंगट्या डावीकडे सरकवायच्या, चौकट परत सुलट करायची.

सोंगट्या चारी दिशांना डौलात धावल्या. "आई, दीडशे ओळी खोडल्या!"

"अगंबाई! मग पाठवणार काय?"

"उरलेल्या पन्नास!"