चार मिनिटांवरचा लेक

चीनच्या दक्षिणेतल्या कुनमिंगला ओतलेला चहा निवायच्या आत विमान पार उत्तरेत हार्बिनला टेकू लागलं, तेव्हापासून ग्वेलानबाईंच्या लेकानं आईच्या घरात बूट म्हणून काढले नव्हते. पूर्वी अर्धा दिवस आभाळात काढून यायचा, तेव्हा चांगला आठवडाभर राहायचा.

"डंपलिंग उकळताहेत रे, बस जरा!"

"तेवढ्यात घरी पोचेन मी, आई. चार मिनिटं तर लागतात, उद्या येतो की!" म्हणत बोवेन दारातूनच पसार झाला. गेलं वर्षभर तो असाच उद्या येत होता.

म्हातारीनं शेगडी बंद केली आणि तडक तिकीटखिडकी गाठली.

"चंद्रावर खोली मिळेल का गं?"

"मिळेल, आजी. पण जायलाच तीन दिवस लागतात. तिथं कोण आहे तुमचं?"

"कुणी नाही. पण तिथं आलेल्याला मुक्काम तरी करावा लागेल ना!"