हनुवटीकाकांचा नवा कॅमेरा

"हनुवटी जरा खाली," काका म्हणाले आणि काकूंचं तोंड आपोआप मिटलं.

"बघा! मिटवलंत ना पुन्हा?" काकू ओठ न उघडताच पुटपुटल्या. "अहो, दात दिसायला हवेत. उद्या सकाळी डॉक्टर सगळे काढणार. मलाही कधी स्वतःचे दात होते, याचा एक तरी पुरावा घरात राहू दे."

काकांचा नाइलाज होता. सारा जन्म त्यांनी पासपोर्टचे फोटो काढण्यात घालवला होता, आणि हसणारा माणूस कुठल्याच सरकारला चालत नाही. हनुवटी खाली, तोंड मिटा, हलू नका. निम्म्या गावाचे चेहरे त्यांनी असे गंभीर करून ठेवले होते. लोक त्यांना हनुवटीकाकाच म्हणत. गिऱ्हाईक यायच्या आधी उजेड नीट पडतो का ते बघायला ते रोज काकूंना बाकावर बसवत. उजेड बायकोवर जुळवायचा आणि फिल्म गिऱ्हाइकावर खर्चायची, हा धंद्याचा नियम. त्यामुळे भिंग दिसलं की काकूंचं तोंड मिटायचं, आणि फोटो मात्र त्यांचा एकही नव्हता.

आता स्टुडिओ बंद होता. दिवे विकले गेले, बाक तेवढं उरलं, कारण ते कुणी घेतलं नाही. लेकीनं पाठवलेला कॅमेरा खिशात मावत होता. त्याची माहितीपुस्तिका मावत नव्हती. पडद्यातून गाळून आलेलं दुपारचं ऊन बाकावर सांडलं होतं, आणि काकू त्यात बसल्या होत्या.

काकांनी कॅमेऱ्याची चकती एक घर फिरवली. चकतीवर बर्फाच्या कणाचं चित्र आलं आणि स्क्रीनवरच्या काकू एकदम उजळल्या. मागची पोपडे आलेली भिंत पांढरीशुभ्र झाली. काकांना वाटलं, आता हिच्या तोंडातून वाफ येणार.

"काय झालं? असे बघताय काय?"

"बर्फात आहेस तू."

"स्वेटर न घालता?"

त्यांनी चकती पुढे नेली. मावळता सूर्य आला. काकूंच्या गालावर तांबूस सोनं चढलं, पांढरे केस पेटल्यासारखे दिसू लागले. चेहरा शोधणारा एक पिवळा चौकोन स्क्रीनभर भिरभिरला आणि फुलपाखरू बसावं तसा त्यांच्या चेहऱ्यावर येऊन टेकला. काकांचं बोट चकतीवरच थांबलं. आणखी एक घर. समुद्रकिनारा.

"आता कुठं?"

"समुद्रावर."

काकूंनी पावलं बाकाखाली ओढून घेतली. "पाणी गार आहे का हो?"

"कोमट आहे," काका म्हणाले. लग्नानंतर समुद्रावर जायचं ठरलं होतं. त्या आठवड्यात परीक्षेच्या फॉर्मच्या फोटोंचं काम निघालं आणि समुद्र राहून गेला.

पुढच्या घरात मांजराचं डोकं होतं. काकांनी ते घाईनं ओलांडलं.

"ते काय होतं?"

"काही नाही. ते तुझ्यासाठी नाही."

"फिरवून झालं असेल तर परत आणा मला. दात राहिलेत."

चकतीच्या शेवटच्या घरात एक हसरं तोंड होतं. काकांनी चष्मा कपाळावर सारला आणि पुस्तिका मोठ्यानं वाचली. तिची भाषा कोर्टाच्या समन्सला लाजवेल अशी होती. "समोरील व्यक्तीने स्मित केल्यास छायाचित्र आपोआप घेतले जाईल. बटण दाबण्याची आवश्यकता नाही."

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनात.

"मग मी काय करायचं?"

"इकडे या," काकू सरकल्या. "बसा."

काकांनी कॅमेरा टेबलावर डब्याला टेकवून ठेवला आणि पुस्तिका हातात घेऊन ते बाकावर येऊन बसले. या बाजूला ते आयुष्यात कधी बसले नव्हते. समोर भिंग होतं. त्याच्यामागे कुणीच नव्हतं. ऊन अंगावर येत होतं, दूर कुणीतरी खिळा ठोकत होतं. कॅमेरा वाट बघत होता.

"हसा म्हणा की मला," काकू म्हणाल्या.

काकांनी तोंड उघडलं, पण त्या शब्दाला त्यांची जीभ वळेना. त्यांनी पुस्तिका मांडीवर ठेवली. हात गुडघ्यांवर ठेवले, उचलले, छातीशी बांधले, सोडले. शेवटी काकुळतीला येऊन विचारलं,

"अगं, हात कुठं ठेवू?"

काकूंनी हा प्रश्न पडद्याआडून जन्मभर ऐकला होता. नवरदेवांनी विचारला होता, फौजदारांनी विचारला होता, एका पैलवानानं तर रडवेला होऊन विचारला होता. त्या फिस्सकन हसल्या.

टिक.

हसता हसता त्यांचा पंजा तोंडावर गेला.

"काढ," काका म्हणाले. "हात काढ तोंडावरचा."

टिक. टिक. आवाज आला की काकूंना आणखी हसू यायचं, आणि हसू आलं की आवाज यायचा.

दम लागला तेव्हा त्या थांबल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "पुढचा दात वाकडा दिसणार हो. तुम्ही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांचे तीळ, सुरकुत्या घालवायचात ना? तसा सरळ करून टाका."

पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण नेमकं याच सोयीवर होतं. काकांनी ते सकाळीच वाचलं होतं, खुणेला काडीही घालून ठेवली होती.

"ती सोय नाही यात," ते म्हणाले, आणि पुस्तिका मांडीवरून उचलून तिच्यावर बसले.

"अगदीच नाही?"

"अजिबात नाही."

काकूंनी मान हलवली आणि खिडकीतल्या उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले.

टिक.

या वेळी त्या हसल्या नव्हत्या.