माहेरचा दगड

ट्रकमधून काळा पाषाण उतरवताना शेवंताचा हात थबकला. ती आणि तिचा नवरा कामाला असलेल्या बंगल्याच्या अंगणात आणि दर्शनी भिंतीला बसवायचा हा दगड, आणि त्यात तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके. असा दगड तिच्या माहेरच्या खाणीतच निघायचा.

"कुणी घडवलाय?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"भैरूनं. खाणीत आता तो एकटाच हातानं टाकी-हातोडा चालवतो."

भैरू तिचा धाकटा भाऊ. तिनं परजातीतल्या गवंड्याशी लग्न केलं, तेव्हा वडलांनी दार लावून घेतलं होतं. ते गेल्याचंही तिला महिन्यानं कळलं, आणि नंतरही जायचा धीर झाला नाही. ती टाकीच्या घावांवरून नुसती बोटं फिरवत राहिली.

नवऱ्यानं थापी खाली ठेवली. "गाडी रिकामी परत चाललीय. बस, जाऊन ये."

"हाकलून दिलं तर?"

"तर पुढच्या दगडांसोबत परत ये."

खाणीत भैरू उकिडवा बसून दगड घडवत होता. तिला पाहून त्याचा हातोडा थांबला. मग त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं शेजारचा दगड पुसला.

"बस, आक्का," तो म्हणाला. "आईला वाटतं, तूच आमच्यावर रुसलीयस."