ओला हात

जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माझ्या बायकोला आता मीसुद्धा आठवत नाही, म्हणून तिला तिच्या जुन्या प्रयोगशाळेत नेलं. रॉकेलच्या बाटलीतला सोडियम काढायला मी नुकताच धुतलेला हात पुढं केला.

"अहो, ओल्या हातानं नको!" ती कडाडली. "मराठीचे मास्तर ते मास्तरच!"

कित्येक महिन्यांनी 'अहो' ऐकलं.

तिनं चिमट्यानं तुकडा काढून लोण्यासारखा कापला. आतून तो चांदीसारखा चमकला. "पोटॅशियम याहून तापट. आवर्तसारणीच्या या गणात खाली जावं तसा तापटपणा वाढतो."

"तुझ्या धाकट्या बहिणींसारखा," मी म्हटलं. ती खळखळून हसली.

बघता बघता तुकडा काळवंडला. तिनं सुरी ठेवली आणि अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

मी हात पुन्हा नळाखाली धरला आणि बाटलीकडं नेला.