एकापुरतं औषध

"आई, पिशवीत काय आहे?" अमोलने पार्किंगमध्येच विचारलं.

"दही-साखर," कुसाबाई म्हणाली. "तपासनी झाल्यावर देईन ह्यांना. आधी नाय."

अमोलने स्टीलचा डबा काढला, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं आणि परत ठेवला. त्याचा आईवर भरवसा नव्हता, आणि त्याला कारणही होतं. गेल्या महिन्यात निफाडहून निघताना तिने उंबरठ्यावर नवऱ्याच्या, सावळीरामच्या हातावर दही-साखर ठेवली होती. एवढ्या मोठ्या कामाला माणूस निघतो, त्याचा हात कोरडा कसा ठेवायचा? बरं, चमचाभर देऊन थांबावं की नाही! उपाशीपोटी चक्कर येईल म्हणून तिने वाटीभर चारली. इथे स्कॅन सेंटरवर रक्तातली साखर निघाली दोनशे चाळीस. पेट स्कॅन रद्द.

पुढचा नंबर मिळेपर्यंत महिना गेला आणि नवऱ्याच्या गळ्यातली गाठ लिंबाएवढी झाली. त्या महिन्यात कुसाबाईने घरातल्या कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

आता ऑपरेशन सोमवारी होतं. स्कॅन पाहिल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते.

आत ज्ञानेश नावाचा टेक्निशियन न कंटाळता सगळं समजावून सांगत होता. पोटात पाण्याशिवाय काही नको. इंजेक्शन दिल्यावर तासभर एकट्याने गप्प पडून राहायचं, बोलायचंसुद्धा नाही. घरी गेल्यावर दिवसभर लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब राहायचं.

"आन् साखर?" कुसाबाईने विचारलं.

"दोनशेच्या आत हवी, मावशी. साखर वाढलेली असली की गाठ इंजेक्शनचं औषध नीट ओढत नाही. चित्र धुरकट येतं."

"खाल्ल्यावर किती वेळात चढती?"

"अर्ध्या-पाऊण तासात. पण तुम्ही त्यांना काही देऊच नका."

"नाय देनार," ती म्हणाली. अमोलला शरमल्यासारखं झालं.

सावळीरामची साखर एकशे साठ भरली. आज दोनच पेशंट होते. दुसऱ्या कलाबाई, पेठ तालुक्याकडच्या, साठीच्या, सोबत कुणी नाही. त्यांचा नंबर पहिला होता. साखर एकशे चौऱ्याऐंशी.

"चालेल," ज्ञानेश म्हणाला. "औषध आलं की पुन्हा एकदा बघू."

दहा वाजता तो फोन ठेवून बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मुंबईहून औषध आणणारी गाडी कसारा घाटात अडकली होती. हे किरणोत्सर्गी औषध बाटलीत पडल्या पडल्याही ओसरतं, साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं.

"दोघांचं मागवलं होतं," तो म्हणाला. "इथे पोचेल तेव्हा एकापुरतंच उरेल."

"मग दुसऱ्याचं उद्या?" अमोलने विचारलं.

"उद्यापासून मशीन देखभालीसाठी बंद. पंधरा दिवस."

"आमचं ऑपरेशन सोमवारी आहे."

"कळतंय हो. पण नंबर पहिला कलाबाईंचा आहे. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

अमोलने हात जोडले. मग आवाज चढवला. दुसऱ्या सेंटरला फोन केला, तिथे पुढचा नंबर दहा दिवसांनी होता. सावळीरामला बोलताना दुखायचं, तरी तो हळू म्हणाला, "जाऊ दे, पोरा. बाईचा नंबर हाय." अमोलला रडू यायला लागलं. असं हात बांधून बसायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

कुसाबाई उठली आणि पिशवी घेऊन कलाबाईंशेजारी जाऊन बसली. आई आता त्या बाईच्या पाया पडणार, असं अमोलला वाटलं. ते बघवणार नाही म्हणून तो बाहेर जाऊन चहाच्या टपरीशी उभा राहिला. चहा काही घेतला नाही.

तो परत आला तेव्हा दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या.

"रात स्टँडवरच काढली बघा," कलाबाई सांगत होत्या. "पोरगं ऊसतोडीला गेलंय. निघताना दारात पन कोन नव्हतं."

कुसाबाईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

साडेअकराला औषध आलं. ज्ञानेशने कलाबाईंच्या बोटाला सुई टोचली. दोनशे सव्वीस. त्याने पुन्हा टोचली. दोनशे एकतीस.

"मावशी, काही खाल्लंत का?"

कलाबाई घाबरल्या. "नाय बा. पानीच पेले."

"धास्तीनेही वाढते कधी कधी," तो हळहळून म्हणाला. "ती उतरेपर्यंत औषध थांबणार नाही." मग तो अमोलकडे वळला. "बाबांना आत घ्या."

दार लागलं. कलाबाईंनी आपलं गाठोडं उचललं आणि त्या कुसाबाईसमोर थांबल्या.

"बाई, तुमच्यावानी माया कुनी केली नव्हती. तुमच्या धन्याला बरं वाटू दे."

त्या गेल्यावर कुसाबाई पदर तोंडाला लावून रडली. अमोललाही भरून आलं. आपली आई अशीच भोळी, परक्या बाईसाठीसुद्धा रडते. महिनाभर तिला नको नको ते बोललो, याची त्याला लाज वाटली.

सावळीराम एक वाजता बाहेर आला. स्कॅन नीट झाला होता.

"आता पोटभर खाऊ घाला," ज्ञानेश म्हणाला.

अमोलने पिशवीतून डबा काढला. तो हाताला हलका लागला. झाकण उघडलं तर आत काहीच नव्हतं, चमचा तेवढा तळाशी होता.

"आई, बाबांना कधी दिलंस हे?"

कुसाबाईने डबा त्याच्या हातातून घेतला आणि झाकण लावलं.

"ह्यांना बोटभर पन दिलं नाय," ती म्हणाली.