बियाला ठेवलेलं झाड

कोगनोळीच्या शेतात परशराम अण्णा तंबाखूचे शेंडे खुडत होते आणि पाहुणे बांधावर उभे राहून बघत होते. शेंडा ठेवला तर झाड फुलावर जातं, पान भरत नाही, असं अण्णा सांगत होते. साऱ्या शेतात एकाच झाडाचा शेंडा त्यांनी राखला होता. त्याला लाल चिंधी बांधली होती. ते बियाला, त्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी हसत हसत बजावलं.

पाहुणे म्हणजे अण्णांच्या धाकट्या बहिणीचे, डॉक्टर पूर्णिमाचे विद्यार्थी. पानावर रोग पडला की झाडातलं कोणतं जनुक आधी जागं होतं, हे पूर्णिमानं तंबाखूवरच शोधून काढलं होतं. आता जगभरातल्या प्रयोगशाळा तिच्या पद्धतीनं काम करत होत्या. आज ती सगळ्यांना माहेरचं शेत दाखवायला घेऊन आली होती.

त्यांच्याबरोबर सुहासही आला होता. तो बेळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.ला तो पूर्णिमाचा वर्गमित्र होता आणि तिच्या पुढे, पहिला आला होता. ते आता कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आपणहून सांगावं तर शोभलं नसतं. पूर्णिमाचं नाव झालं ते त्यानं कसंबसं पचवलं होतं. पण शाल्मली त्याची विद्यार्थिनी होती. पेशी म्हणजे काय इथपासून त्यानं शिकवलेली ही मुलगी आता पूर्णिमाकडे पीएच.डी. करत होती, आणि सकाळपासून तिचा एकच जप चालला होता. मॅडम म्हणतात, मॅडमनी दाखवलं, मॅडमच्या लॅबमध्ये. तिनं एकदा, फक्त एकदा आपलं नाव घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

मंडळी आंब्याखाली चहाला गेली. सुहास फोनचं निमित्त करून मागे राहिला. चिंधीच्या झाडावर गुलाबी फुलं उमलू लागली होती. मोठ्या ऐटीत उभं होतं ते. सुहासनं इकडे तिकडे पाहिलं आणि शेंडा मोडला.

क्षणभर फार बरं वाटलं. मग बोटांना चीक जाणवला. रुमालानं पुसला तरी जाईना, उलट बोटं काळपट दिसू लागली. त्यानं शेंडा सरीत टाकला, उजवा हात खिशात घातला आणि जाऊन सगळ्यांत बसला.

थोड्या वेळानं अण्णा तो शेंडा हातात घेऊन आले.

"बियाला ठेवलेला ह्यो एकच हुता," ते म्हणाले. "कुणी खुडला गा?"

अण्णांचा चेहरा इतका उतरला की शाल्मलीला राहवेना.

"झाड वाया नाही जायचं अण्णा. शेंडा गेला की पानापानाच्या बगलेतले कोंब जागे होतात. एकाच्या जागी कितीतरी शेंडे येतील, सगळ्यांना फुलं, सगळ्यांना बी. सुहास सरांनी पहिल्याच वर्षी शिकवलंय आम्हाला. हो ना, सर?"

सगळ्यांनी सुहासकडे पाहिलं. ज्या नावासाठी सकाळपासून कान आसुसले होते ते नाव अखेर आलं होतं, आणि त्याला मान वर करवेना. त्यानं नुसतं हं म्हटलं.

"व्हय, फूट येती म्हणा," अण्णा जरा निवळले आणि शेंडा बाजूला ठेवून चहाला बसले.

पूर्णिमा लाडवांची ताटली घेऊन फिरत होती. ती पुढ्यात आली तसा सुहासनं डावा हात पुढे केला. तिनं ताटली तशीच धरून ठेवली. त्याच्या खिशाकडे एकदा पाहिलं आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"उजव्या हातानं घे रं, सुहास. आमच्या घरात समद्यांच्याच हाताला चीक असतोय."